चेअरमनसाहेबांचे चार प्रोसेसर

सर्व्हरमध्ये आठ प्रोसेसर आहेत, म्हणजे काम करणारी आठ डोकी, हे मी त्या मच्छीमार सोसायटीत सांगितलं, तिथेच माती खाल्ली. सोसायटीचं नाव विचारू नका. तोवर बरं चाललं होतं. नाखवा खिडकीशी यायचा, बोटीचा नंबर सांगायचा, बर्फ-डिझेलची चिठ्ठी छापून घ्यायचा आणि बंदरावर पळायचा. पण डोकी आठ म्हटल्यावर वाटणी आलीच.

मी माहीमच्या वाडीवाल्यांची लेक, नोकरी बोईसरला, कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या कंपनीत. लग्नाच्या पंगतीत कुणाला कुठे बसवायचं हे मला शिकवावं लागत नाही. तसेच प्रोसेसर बसवले. चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये टीव्हीवर मासळीचा रंगीत ग्राफ हलायचा, त्याला चार. सेक्रेटरींच्या अहवालाला दोन. कॅमेऱ्यांना एक, कारण गेटवर कुत्री किती येतात हे कळायला नको? उरलासुरला एक चिठ्ठ्यांना.

"बाय, आपला ग्राफ थांबता कामा नाय," साहेब म्हणाले. "त्याला सगल्यात वरचा मान दे."

तीही सोय असते. कुठलं काम आधी करायचं, ते मशीनला सांगता येतं. सगळ्यात वरची पायरी निवडली की मशीन विचारतं, बाकीचं अडकेल, नक्की ना? बिचाऱ्याला अक्कल होती. मला कंपनीसाठी पुढच्या वर्षाचं कंत्राट हवं होतं. मी 'हो' दाबलं.

पावसाळ्यातली मासेमारी बंद होती, चिठ्ठ्या कुणाला लागत नव्हत्या, म्हणून माझी कर्तबगारी दोन महिने झाकून राहिली. बंदी उठली त्या सकाळी खिडकीशी ही रांग! हाताने चिठ्ठी लिहायची सोय सेक्रेटरींनी मशीनला हार घालून, नारळ फोडून बंद केलेली. आणि साहेबांकडे पाहुणे आलेले, म्हणजे ग्राफ जोरात.

पहिल्या काही बोटी निघाल्या आणि मशीन बसलं. ग्राफने सगळंच दाबून धरलं होतं. चिठ्ठी सोडा, माऊसचा बाणही हलेना. रांगेत एक मावशी होती. बोट तिची स्वतःची, गेला हंगाम दुरुस्तीत गेलेला. मुलगा आणि खलाशी बोटीवर तयार होते.

"पोरी, भरती उतरायला लागली," ती म्हणाली. "खाडीत पानी हाय तवरच बोट निंगंल."

मी केबिनमध्ये धावले. मशीन बंद करून चालू करू द्या म्हटलं.

"पाहुन्यांसमोर टीवी काला करशील? अर्धा तास थांब."

आणि मी थांबले! बटण माझ्या हाताशी होतं, अडवायला कुणी आलं नसतं. तरी थांबले, शहाण्या मुलीसारखी. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले, तेव्हा पाहुणे चहा पिऊन गेले. मी मशीन बंद केलं, चालू केलं आणि सगळी पंगत उठवली. चिठ्ठ्यांना पाच डोकी आणि पहिला मान. ग्राफला एक, तोही सगळ्यांच्या शेवटी. कागदावर मांडायलाही वेळ लागला नसता, इतकं सोपं काम.

साहेब बाहेर डोकावले. "बघ, कसा पलतोय ग्राफ! चार डोकी दिली म्हनून." मी मान डोलावली. कप्पाळ!

रांग मोडली होती. मावशी मात्र खिडकीशी उभीच होती. मी तिच्या बोटीचा नंबर टाकला आणि हात उचलायच्या आत चिठ्ठी बाहेर आली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. मागे खाडीत तिची बोट चिखलात कलंडलेली दिसत होती.

"सकाली पन हाच मशीन व्हता ना?" तिने विचारलं.

"हो, मावशी."

चिठ्ठी त्या दिवसापुरतीच चालायची. तिने ती माझ्यासमोर ठेवली आणि खलाशांना घरी जायला सांगायला गेली.