आधी नथ बघ

रविवारी सकाळी मोबाइलवर सुधाकरचं नाव दिसलं की मी 'हॅलो' म्हणत नसे. थेट विचारत असे, "बोल, आज कुठला?" कुठला म्हणजे कुठला स्कॅनर. त्या रविवारीही तसंच झालं. चहाचा कप बाजूला ठेवून मी म्हटलं, "बोल, आज कुठला?" पलीकडून त्याच्या मुलीचा, केतकीचा आवाज आला. "काका, बाबा गेले. सकाळी उठलेच नाहीत." मी काय बोलून गेलो ते तिच्या लक्षातही नसेल. माझ्या कानात मात्र ते वाक्य अजून आहे.

सुधाकरने आणि मी ठाण्याला एकाच कंपनीत, शेजारच्या टेबलांवर नोकरी केली आणि पुढेमागे निवृत्त झालो. मी ठाण्यातच राहिलो. तो लग्न झाल्यापासून ठाकुर्लीला, त्याच दोन खोल्यांत. त्याला एकच नाद होता, फोटोचा. रोलच्या जमान्यात त्याने घरच्या, दारच्या, चाळीतल्या, ऑफिसातल्या प्रत्येक कार्याचे फोटो काढले, तेही कुणी न सांगता. डोळ्याला कॅमेरा लावला की जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. फोटो निघाला की जीभ आत. आम्ही ऑफिसात म्हणायचो, सुधाकरचं बटण बोटाखाली नाही, जिभेखाली आहे.

या साऱ्या रोलच्या निगेटिव्ह त्याने मिठाईच्या रिकाम्या डब्यांत ठेवल्या होत्या. ठाकुर्लीच्या दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून प्रत्येक डब्यात त्या पांढऱ्या गोळ्यांच्या पुड्या. ओळखीच्या कुणाकडे नवीन बूट आले की आतली पुडी सुधाकरसाठी काढून ठेवायची, असा दंडकच होता. आता या सगळ्या पट्ट्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या, हे त्याने निवृत्तीच्या दिवशीच जाहीर केलं होतं. कशा घ्यायच्या, हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. ठाण्यात एक चांगली लॅब आहे, डबे तिथे नेऊन द्यायचे, पेन ड्राइव्ह घेऊन घरी यायचं. सुधाकरला ते मान्य नव्हतं. त्याला घरी स्कॅनर हवा होता, स्वतःच्या टेबलावर, म्हणजे प्रत्येक पट्टी स्वतःच्या हाताने लावता येईल. पण तो स्कॅनर तरी घेईल का? उपवर मुलीला स्थळं पाहावीत तसे तो स्कॅनर बघत होता आणि प्रत्येकात काही ना काही खोट निघत होती. एकाचं झाकण हलकं, एकाला वेळ फार लागतो, एक अगदी हवा तसा होता तर कंपनीने बनवणंच बंद केलेलं. दर रविवारी नवं स्थळ, आणि दर रविवारी माझं तेच उत्तर, "लॅबला दे आणि मोकळा हो."

"ज्याला नथ कळत नाही, त्याच्या हातात माझी निगेटिव्ह नाही द्यायची," तो म्हणायचा.

या नथीची गोष्ट सांगायला हवी. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक जराशी मंद. पट्टी चुकून पालथी लागली तर अख्खं चित्र डावं-उजवं होऊन येतं. जाणकार लोक ती चकाकी बघून बाजू ओळखतात. सुधाकरची पद्धत वेगळी होती. पट्टी खिडकीच्या उजेडात धरायची आणि त्यात एखादी नटलेली बाई शोधायची. "आधी नथ बघ. आपल्या बायकांची नथ डाव्या नाकपुडीत. नथ तिच्या डावीकडे, तर पट्टी सरळ." आणि आपल्याकडच्या रोलमध्ये कुठे ना कुठे नथ सापडतेच. हळदीकुंकू तरी असतं, नाहीतर कुणाचं बारसं.

तर त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नात सकाळी वहिनी, म्हणजे सुधाकरची बायको, नटत असताना त्याने एक फोटो काढला. त्या काळी एक रोल गणपतीत सुरू व्हायचा आणि संक्रांतीचं हळदीकुंकू उरकल्यावर धुवायला जायचा. हाही असाच कित्येक महिन्यांनी लॅबला गेला. प्रिंट आली ती छोट्या आकाराची, नुसता चेहरा. वहिनी खाली मान घालून काहीतरी करताहेत, फार गोड फोटो, पण नथ उजवीकडे. सुधाकर तसाच चप्पल घालून निघाला. लॅबवाला म्हणाला, "साहेब, निगेटिव्ह सरळच आहे." सुधाकर म्हणाला, "माझ्या बायकोचं नाक मला माहीत नाही का?" रोल धुवायला तो पुढेही देत राहिला, इलाजच नव्हता. पण लॅब या जातीवरचा त्याचा विश्वास उडाला तो उडालाच. ती पट्टी त्याने रागारागात पाकिटात कोंबली आणि पुन्हा उघडली नाही. मी एकदा विचारलंही होतं, की बाकीचे फोटो सरळ आणि हा एकटाच उलटा कसा आला? "निष्काळजीपणा," एवढंच म्हणाला.

तेराव्याला ठाकुर्लीला गेलो तेव्हा भिंतीशी पाटावर सुधाकरचा फोटो होता, हार घातलेला. आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. वहिनी त्याच्याकडे बघत नव्हत्या. मंडळी पांगल्यावर मला म्हणाल्या, "भाऊजी, हे कोण आहेत हो? पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतायत." केतकीने आपल्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात होता तो, फेटा बांधलेला, कुणीतरी नेऊन उभा केल्यासारखा. मोबाइलमध्ये पाहिलं तर जो तो म्हणाला, आम्ही फोटो काढायला गेलो की काका म्हणायचे, दे इकडे, मी काढतो. गावभरचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता.

"मला भिंतीवर हे हवेत," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणजे, हे. एवढ्या डब्यांत कुठे ना कुठे असतीलच की."

मग त्यांनीच डबे माझ्यापुढे ठेवले. "ते नाही म्हणायचे, मला ठाऊक आहे. पण तुमच्या त्या लॅबला द्या. मला थांबवत नाहीये आता." मी इतकी वर्षं जे सांगत होतो ते अखेर मान्य झालं होतं. दोन पिशव्या उचलून ठाण्याला आणताना मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. कुणाशी भांडायचं तो गडीच उरला नव्हता.

लॅबमधला माणूस सज्जन होता. काउंटरवर पट्ट्या पसरून त्याने त्या नीट पाहिल्या, ज्यांनी सांभाळल्या त्यांचं कौतुक केलं. मग म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, हललेल्या, काळ्या, डोकं कापलेल्या फ्रेम आम्ही स्किप करतो. चांगल्या तेवढ्याच स्कॅन होतील. आणि कडा थोड्या कट होतात, ते नॉर्मल आहे." तो आपलं काम चोख सांगत होता. पण माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. चांगल्या फ्रेम सगळ्या सुधाकरने काढलेल्या, म्हणजे त्यांत सुधाकर नसणार. तो असलाच तर खराब फ्रेममध्ये असणार, दुसऱ्या कुणीतरी कॅमेरा हातात घेऊन हात हलवला असेल तिथे. मी पट्ट्या परत पिशवीत भरल्या. तो माणूस म्हणाला, "काय झालं काका?" मी म्हटलं, "आम्हाला नेमक्या वाईटच हव्यात."

आणि मी, जन्मभराचा लॅबवाला, त्या आठवड्यात घरचा स्कॅनर विकत घेतला. सुधाकरने नापास केलेल्यांपैकी एक, हलक्या झाकणाचा. तो ठाकुर्लीला नेऊन त्याच्याच टेबलावर मांडला. वहिनींनी झाकणावर ठेवायला जाडजूड शब्दकोश आणून दिला आणि अडचण मिटली. इतक्या सोप्या गोष्टीवर आम्ही किती रविवार घालवले होते…

मग दुपारी जेवण उरकलं की आम्ही बसू लागलो. मी रबरी फुग्याने धूळ उडवायची, पट्टी लावायची, वहिनींनी चष्मा सावरून पडद्याकडे बघायचं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "नथ बघा, भाऊजी," आणि आम्ही दोघं थोडे हसलो. सुधाकर सापडत होता, पण तुकड्यातुकड्यांनी. कुठे अंगणात पडलेली त्याची सावली, कुठे लेन्ससमोर आलेलं बोट. माथेरानला वहिनींनी त्याचा काढलेला एक फोटो निघाला. स्वेटर आहे, पँट आहे, घोडा पूर्ण आहे, डोकं नाही. "मीच कापलंय," वहिनी म्हणाल्या, आणि उठून पाणी प्यायला गेल्या.

शेवटच्या डब्यात ते कोंबलेलं पाकीट निघालं. पट्टी जरा दुमडली होती. मी ती सरळ करून लावली. पडद्यावर वहिनी आल्या, तरुण, खाली मान घातलेल्या, आणि नथ उजवीकडे. सवयीने मी पट्टी काढली, पालथी केली, पुन्हा लावली. आता नथ डावीकडे आली. पण त्याच पट्टीवर शेजारच्या चौकटीत लग्नाच्या हॉलची पाटी होती, तिच्यावरची नवरा-नवरीची नावं उलटी झाली. पुन्हा पट्टी फिरवली, पाटी सरळ, नथ उलटी. मी स्वतःशीच वैतागलो. पाटी खोटं बोलत नाही आणि वहिनींचं नाकही बदललेलं नाही. मग एकच गोष्ट उरत होती.

"वहिनी," मी विचारलं, "तुम्ही तेव्हा आरशासमोर होतात का?"

"होते की. त्या कपाटाच्या," त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "नथीचा फासा लागत नव्हता."

म्हणजे सुधाकरने आरशातल्या वहिनींचा फोटो घेतला होता, रोल धुवून येईपर्यंत ते विसरला होता, आणि तो लॅबवाला बरोबर होता. मी चित्र मोठं केलं. प्रिंटमध्ये कापली गेलेली कड आता पूर्ण दिसत होती. तिथे आरशाची किनार होती आणि तिच्या आत, वहिनींच्या खांद्यामागे, अंधारात कुणीतरी उभं होतं. मी उजेड वाढवत गेलो. कॅमेरा दिसला. मिटलेला एक डोळा दिसला. त्याखाली ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं जिभेचं टोक.

वहिनी खुर्चीतून पुढे झुकल्या. "हे आहेत," त्या म्हणाल्या. मग पडद्यावर बोट ठेवून, "मी नथीकडेच बघत होते हो. मागे हे आहेत, वर बघितलंच नाही."

मला रडू आलं, ते लपवायचा प्रयत्नही मी केला नाही. ज्या एका फोटोवरून तो जन्मभर लॅबवर रुसला, त्या फोटोत तो स्वतःच होता. त्याची चूक होती, शंभर टक्के होती. पण ती चूक त्याने केली नसती तर हे डबे माझ्या सल्ल्याने केव्हाच लॅबला गेले असते आणि ती कड तिथे पुन्हा एकदा कापली गेली असती. हे त्याला सांगायला मला एक रविवार हवा होता.

केतकी म्हणाली, बाबांपुरता भाग वेगळा काढून मोठा करू. वहिनींनी साफ नकार दिला. "आता कुणाला कापायचं नाही." म्हणून फोटो पूर्णच्या पूर्ण चौकटीत गेला, आधारवाला कपाटात. लावायला भिंत एकच मोकळी होती, आतल्या खोलीतली, त्या जुन्या कपाटासमोरची. मागच्या रविवारी गेलो तेव्हा खिळा ठोकून झाला होता. मी फोटो जवळून बघू लागलो तर वहिनींनी मला खांद्याला धरून वळवलं, कपाटाच्या आरशाकडे. "तिथे नाही, इथे बघा. इथे बरोबर दिसतं."

आरशात तोच फोटो होता. कडेला सुधाकर, जीभ बाहेर, फोटो अजून निघायचा आहे असा. त्याच्यापुढे वहिनी.

"नथ बघा," त्या म्हणाल्या.

नथ डावीकडे होती.