पेनड्राइव्हमधला कोंबडा

टॉवेलच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टचं काम बघायचो, तेव्हा आमचा माल घेणारा एक अफगाणी व्यापारी होता. दुकान दुबईत. फोनवर त्याच्या मागे काहीतरी वाजत असायचं. एकदा सहज विचारलं, हे काय लावता हो? तर पठ्ठ्यानं कॅसेटींचं पुडकंच पाठवून दिलं. रबाब, ढोलक आणि पिराच्या ठाण्यावर बसून गायलेली सूफी गाणी. या काही दुकानात मिळणाऱ्या कॅसेटी नव्हत्या, कुणाच्या तरी अंगणात टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या होत्या. भाषा फारसी, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तो रबाब वाजायला लागला की हातातलं काम थांबायचं.

निवृत्त झाल्यावर त्या कॅसेटी मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. सकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालायचं आणि स्पीकर लावायचा, हा माझा नेम झाला. सगळ्यात आवडतं गाणं सुरू होण्याआधी गवई घसा खाकरतो, कुणीतरी कपबशी ठेवतं आणि अंगणातला कोंबडा झकास आरवतो. तेवढ्यासाठी मी ते गाणं रोज लावायचो. बायको म्हणायची, "झाला का तुमचा कोंबडा? चहा गार होतोय."

आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर एक भाडेकरू कुटुंब होतं. नवरा, बायको, एक शाळकरी मुलगी. बाई घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवायची. इमारतीतलं मुसलमानाचं घर ते एकच.

एका रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग भरली. चेअरमन तापलेले होते. "वरच्यांनी कोंबडा पाळलाय. रोज सकाळी त्यांची ती गाणी लागली की ओरडतोय. ही काय वस्ती हाय का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना तर वासही यायला लागला होता.

मला तिथल्या तिथे कळलं. एका वाक्याचं काम होतं: अहो, तो माझ्या गाण्यातला आहे. सगळे हसले असते, मीही हसलो असतो. पण हसून झाल्यावर कुणीतरी विचारलंच असतं, तुम्ही असली गाणी ऐकता होय? त्या प्रश्नाला मी भ्यालो. सरळ सांगायचं तर त्या घरावर जी नजर होती, ती माझ्या दारावर यायला नको होती.

आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी. चेअरमन म्हणाले, "चला, बघूनच येऊ." मी गेलो.

वरच्या बाईनं दार उघडलं. आम्ही का आलोय ते ऐकून क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. "बगा की. सगळं घर बगा." चेअरमननी बाल्कनी बघितली, बाथरूमचं दार ढकललं. मी नुसता हात बांधून उभा राहिलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण नाही, मी वाकून कॉटखाली बघितलं. जो कोंबडा माझ्या टेबलाच्या खणात, पेनड्राइव्हमध्ये आहे, तो मी दुसऱ्याच्या कॉटखाली शोधत होतो. तिथे निळ्या युनिफॉर्मच्या कापडाचे गठ्ठे होते. मुलगी जेवता जेवता थांबून माझ्याकडे बघत होती. उठताना मला त्या पोरीकडे बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून मी गाणी बंद केली. मला वाटलं, आवाज नाही तर तक्रार नाही, विषय आपोआप मिटेल. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही की आरवणं थांबलं म्हणजे कोंबडा होता, हेच सगळ्यांना पटणार. चेअरमन जिन्यात टाळी मागत म्हणाले, "बघितलं? आपण गेल्याबरोबर कापला." मी टाळी दिली.

पुढे भाड्याचा करार संपला आणि घरमालकानं तो वाढवला नाही. सोसायटीची तक्रार आहे म्हणाला. तक्रारीच्या पत्रावर सेक्रेटरीची सही लागते.

सामान टेम्पोत चढल्यावर ती गेटची चावी द्यायला आमच्याकडे आली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, नवीन घर कुठे मिळालं? होटगी रोडला, लांब आहे, मुलीला रिक्षा लावावी लागणार, असं तिनं सांगितलं. मग जाता जाता थांबली.

"काका, गाणी का बंद केली? आमची पोरगी त्या कोंबड्यावरच उठायची. आता हाका मारून मारून माझा जीव जातोय."

माझे कान गरम झाले. मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं? मग त्या दिवशी चेअरमनना सांगितलं का नाही?"

"तुमी होता की तितं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता काका सांगतील."