उजवीकडचं स्टूल

आमच्या आत्याचा विश्वास दोनच गोष्टींवर: स्वतःच्या डोळ्यांवर आणि कुलपावर. कुलूप लावल्यावरही ती ते तीनदा ओढून बघायची. त्यामुळे आम्ही दोघी कामाला असलेल्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात एक मुलगी 'नुसतं बघायला' येणार म्हटल्यावर तिचं जेवणावरून मनच उडालं.

"नुसतं बघायला कोण कशाला येईल गं?" ती मला म्हणाली. "आज बघतील, उद्या घरी बसवतील."

मुलगी मशीन बनवणाऱ्या कंपनीची होती. चादरींना वाफेनं इस्त्री करणारं नवं प्रेस बनवण्याआधी जुन्यावर बायका कसं काम करतात ते तिला पाहायचं होतं. बोलायला गोड, चहाचा कपही स्वतः विसळून ठेवायची. आत्याच्या मते तिथंच पाणी मुरत होतं.

आत्या उगाच घाबरत नव्हती. समोरच्या टेबलावर मी चादरींच्या घड्या घालायचे, म्हणून तिचं गुपित मला एकटीलाच ठाऊक होतं. तिचा उजवा कान पार गेला होता, डाव्यानं जवळून बोललेलं तेवढं ऐकू यायचं. वेळ भरली की प्रेसची शिटी वाजे, ती तिला कळायचीच नाही. ती डावा तळवा मशीनच्या कडेला टेकवून उभी राहायची आणि वाफ सुटताना मशीन थरथरलं की झाकण उचलायची. कमी ऐकू येतं म्हणून एका बाईला मुकादमानं प्रेसवरून काढलं होतं, ते आत्या विसरली नव्हती.

तिनं मुलीचं स्टूल मुद्दाम स्वतःच्या उजवीकडे मांडलं. प्रश्न ऐकूच आले नाहीत तर उत्तरं द्यायची कटकट नाही! तळवा टेकवणंही बंद केलं. शिटी वाजली की मी मान हलवायची, असं आमचं ठरलं.

एकदा मी पाठ वळवली आणि चादर करपली. मुकादम धावत आला.

"माझी चूक," मुलगी पटकन म्हणाली. "मीच मध्ये बोलत होते."

मी नंतर हे तिच्या डाव्या कानाशी सांगितलं, तेव्हा आत्याला तर खात्रीच पटली. "दुसऱ्याचं अंगावर घेतेय म्हणजे हिला काहीतरी हवंय," ती घरी येईपर्यंत हेच म्हणत राहिली. पण दुसरी चादर जाळण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी तळवा मुकाट्यानं मशीनवर आला. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. आत्याला तेच सगळ्यात जास्त खटकलं.

बऱ्याच महिन्यांनी नवं प्रेस आलं, सोबत ती मुलगीही. झाकणावर, बरोबर डोळ्यांसमोर, एक ठळक हिरवा दिवा होता. वेळ भरली की तो लागायचा.

"शिटी आहे की! मग दिवा कशाला?" मुकादम कुरकुरला.

"या गोंगाटात शिटी कुणालाच धड ऐकू येत नाही," मुलगी म्हणाली आणि पुढचं बटण दाखवू लागली.

आत्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. तूच सांगितलंस ना? मी शपथेसाठी गळ्याला हात लावून नकारार्थी मान हलवली. मग दिवसभर तिची एक नजर दिव्यावर, एक मुकादमाच्या तोंडावर. मुकादम आपला नेहमीसारखा हिशेब लिहीत होता. चादरी दिवा बघून एकामागून एक निघत होत्या, पांढऱ्याशुभ्र.

मुलगी निघायच्या बेतात होती. आत्यानं ते जुनं स्टूल उजवीकडून उचललं आणि डावीकडे, अगदी आपल्याजवळ ठेवलं.

"इथं बस जरा," ती म्हणाली, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, "उजव्या कानानं मला काही ऐकू येत नाही."

मुकादम तिथंच उभा होता. माझ्या हातातली घडी चुकली.