अप्पांच्या पिशवीतला बल्ब

अप्पा गेल्याचं मला बीडच्या चौकात, लाल सिग्नलला थांबलो असतानाच कळलं. शेजारच्या मोटारसायकलवरच्या जुन्या वायरमननं सांगितलं, आणि हिरवा लागूनही आम्ही दोघं तसेच उभे राहिलो… मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आलो.

महालिंगअप्पा धर्मापुरीचे, नगरपालिकेत वायरमन. मी इंजिनिअर म्हणून रुजू झालो तेव्हा रस्त्यावर रोज नव्या गाड्या येत होत्या, सिग्नलमध्ये मात्र सारखे उडणारे जुनेच बल्ब. एकदा हिरवा बंद दिसला म्हणून मी चारचौघांसमोर अप्पांवर डाफरलो. ते शिडीवरून सावकाश उतरले. लालचा बल्ब उडाला होता, स्टोअरात दुसरा नव्हता, म्हणून त्यांनी हिरव्याचा काढून लालमध्ये घातला होता. "हिरवा न्हाई लागला तर मानूस खोळंबंल, साहेब. लाल न्हाई लागला तर तेचं काय?" एवढंच बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर एक जादा बल्ब, रुमालात गुंडाळलेला, कायम त्यांच्या कापडी पिशवीत असायचा.

पुढं एलईडी दिवे आले. वीज किती कमी लागेल हे मी बैठकीत घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं, पण महाग म्हणून सगळे नाक मुरडत होते. तेवढ्यात अप्पांनी एक पोतं आणून टेबलावर रिकामं केलं. सगळे उडालेले बल्ब, आणि लालमधून काढलेल्या प्रत्येकावर लाल रंगाचा ठिपका. "ह्या एकेकापायी लाल बंद पडला हुता," म्हणाले. मंजुरी मिळाली. कौतुक माझं झालं आणि मी ते खुशाल घेतलं. ते त्यांचं होतं, हे आज लिहून ठेवतो.

नव्या लाल दिव्यातल्या बारीक एलईडी ठिपक्यांपैकी एक विझला तेव्हा अप्पा सवयीनं शिडी घेऊन हजर. बाकीचे ठिपके जळताहेत, चढायची गरज नाही, हे त्यांना पटवताना माझी पुरेवाट झाली. मग एका दुपारी लोडशेडिंग झालं. आधी अशा वेळी ते उन्हात हातानं गाड्या थांबवत उभे राहायचे. त्या दिवशी दुकानांतले पंखे थांबले, पण वीज कमी लागत असल्यानं सिग्नल बॅटरीवर चालूच. अप्पा टपरीच्या बाकड्यावर टेकले. "लई दिवसांनी चहा बसून पेलो, साहेब."

परवा अप्पांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी ती पिशवी माझ्या हाती दिली. रिटायर झाल्यावरही ती घेतल्याबिगर ते चौकात जात नव्हते म्हणे. आत रुमाल, रुमालात बल्ब. आताच्या सिग्नलला तो बसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं… माझ्या घरी आल्यावर होल्डरला लावून पाहिला. लागला. पुन्हा रुमालात गुंडाळला आणि माझ्या गाडीच्या डिकीत ठेवला. आता तो तिथंच राहील.