गोल खांबाची मशीन

आमच्याकडे दारात कोणतीही मशीन उतरली की पहिला प्रश्न एकच, किती एचपीची? धान काढायची असो की भरडायची, सगळ्यांना हेच माप. मी पहिली मिलिंग मशीन घ्यायला निघाले तेव्हाही हेच माप आडवं आलं. आणि खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मीही त्याच मापानं चालले होते.

मला वाफेचं इंजिन बनवायचं आहे. ओंजळीत मावेल एवढं, पण खरंच चालणारं. लहानपणी छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीचं वाफेचं इंजिन बघत राहायची मी, बस, दुसरं कारण नाही. मोबाइलवर बघून बघून शिकले. लेथ आहे घरी, त्यावर गोल काम होतं. पण सपाट पाठ, खाच, नेमक्या जागी भोक, यांना मिलिंगच लागते. तिच्यात कटर फिरतो आणि काम टेबलावर बसून सरकतं. कानशीनं घासून घासून मी दोन सिलिंडर वाया घालवले, तेव्हा आमच्या यांना म्हटलं, एक मशीन घेऊ. सत्तरीला टेकलेली बाई एकदाच घेणार. ती चुकली की इंजिन राहिलंच.

निवड मात्र गेली माझ्या दिरांकडे. नवेगाव बांधकडच्या धानाच्या मिलमध्ये त्यांचा जन्म गेला, मिस्त्री माणूस. गोंदियाच्या एका दुकानात त्यांनी मशीन पाहिली आणि तिथूनच फोन केला, "तीन एचपी आहे वहिनी. बात पक्की केली." मी हो म्हणून बसले.

मग एका व्हिडिओत पाहिलं. कटर धरणारं मशीनचं डोकं ज्या खांबावर चढतं-उतरतं तो गोल असला, तर वरखाली करताना डोकं खांबाभोवती जरासं फिरतं, आणि साधलेली जागा हरवते. ड्रिल लांब, कटर आखूड, म्हणजे हत्यार बदललं की डोकं हलवावंच लागतं. दिरांची मशीन गोल खांबाचीच होती.

पिकअप घेऊन आम्ही तिघं दुकानात गेलो. मी पिशवीतून पितळेचा तुकडा काढला. दुकानदाराला म्हटलं, यात भोक पाडा, डोकं वर करा, परत खाली आणा. तोच ड्रिल त्याच भोकात उतरतो का बघू.

"माताजी, ऐसा कोई नहीं देखता," तो म्हणाला, आणि बघत होता यांच्याकडे.

"धान घेता तेव्हा दाणा दाताखाली फोडून बघता ना? तसंच हे."

दीर चिडले. "काऊन इज्जत घालवून राहिल्या वहिनी? मी जबान देल्ली."

"घालवून नाही राहिली. भोक पाडून राहिली."

शेवटी पाडलं. डोकं वर गेलं, खाली आलं, आणि ड्रिल भोकाच्या काठावर येऊन टेकला.

"बालभर तं फरक आहे," दीर म्हणाले.

"त्या केसभरातूनच वाफ निघून जाईल भाऊजी."

मागे कपडा टाकून एक लहान मशीन ठेवली होती. चौकोनी खांब, अर्धा एचपी. "वो तो बच्चों वाली है," दुकानदार म्हणाला. मी त्याला तिच्यावरही तेच करायला लावलं. ड्रिल भोकात असा उतरला की तुकडा हललासुद्धा नाही.

"आमच्या मिलमंधला पंखा हिच्याहून जोरात फिरते," दीर हसले.

"हीच द्या," मी म्हटलं.

"ये तो बिक गई माताजी. कॉलेज वाले ले जा रहे हैं. दूसरी मंगानी पड़ेगी, दो महीने."

यावर हे म्हणाले, "मागवा."

पिकअप रिकामी परत आली. दीर वाटभर ड्रायव्हरशी बोलले, आमच्याशी नाही.

याला आता चार महिने झाले. फोन केला की उत्तर ठरलेलं, "रास्ते में है." मशीनसाठी मी लेथच्या बाजूची जागा झाडून, लेव्हल बघून ठेवली होती. परवा दिरांनी तिथे कोंड्याची दोन पोती आणून टाकली. उचला म्हटलं.

"येऊ तं द्या मशीन," म्हणाले, "मंग उचलतो."