दोन पायडलांची गाडी

गाडीखाली शिरण्याआधी मिस्त्री पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवत, बॉनेटवर उजवा तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहत आणि म्हणत, "बघू तर खरं." नव्या माणसाला वाटे, हा गाडीची पूजा करतोय. पूजाबिजा काही नव्हती. इंजिन किती तापलंय ते हाताला आधी कळावं, आणि पाठीवर सरकताना वहाणा अडकू नयेत, एवढाच हिशेब. पण मी ते कुणाला सांगत नसे. लोकांना पूजा वाटत असेल तर वाटू दे, आमच्या मिस्त्रींची तेवढीच ऐट.

असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, खाकी पँट अजून सोडवत नाही, आणि गावातल्या पिठाच्या गिरणीपासून मोटारीपर्यंत सगळ्यांचे नाडीपरीक्षक. माझं म्हणाल तर मी त्यांच्याबद्दल तटस्थपणे बोलूच शकत नाही. हे आधी सांगून टाकलेलं बरं.

माझा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. आहे, पण नावाला. मॅट्रिक झालो आणि सुप्याजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटलो. तिथं एक परदेशी डॉक्टर होते. ते मायदेशी परतले तेव्हा आपली जुनी अमेरिकन पिकअप दवाखान्याला देऊन गेले. पुढं दोघातिघांना बसायची जागा, मागं उघडा हौदा, स्टिअरिंग डाव्या बाजूला. आणि मुख्य म्हणजे तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. ड्रायव्हर लोक तिला हात लावायला तयार नसत. एकाला नोकरीवर ठेवलं, तर त्याचा डावा पाय सारखा रिकाम्या जागी क्लच शोधायचा. आठ दिवसांत "ही बिनकामाची गाडी आहे" म्हणून तो निघून गेला.

गाडीची देखभाल मिस्त्रींकडे होती. एक दिवस ते गाडीच्या दारात बसून आत बघत होते. मी औषधांची खोकी मोजत होतो. मला हाक मारली.

"इकडं ये. पायडल किती हायेत?"

"दोन."

"तुझा उजवा पाय कसाय?"

"तो चांगला आहे."

"मग बस की. एक पायडल दाबायचं, ते सोडून दुसरं दाबायचं. दोन पाय लागत्यातच कुठं?"

मला आधी वाटलं थट्टा करतात. चिडलोही. पण त्यांनी मला मोकळ्या माळावर नेलं आणि पंधरा दिवस रोज संध्याकाळी शेजारी बसून शिकवलं. मी बाभळीवर गाडी घातली, तेव्हा खाली उतरून त्यांनी आधी बाभळ पाहिली. लायसन्ससाठी नगरला गेलो, तर तिथले साहेब माझ्या पायाकडे बघून मान हलवायला लागले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्याचा पाय बघू नका, गाडी बघा. तिला डाव्या पायाचं काम न्हाई." साहेब भला माणूस. स्वतः शेजारी बसला, चार फेऱ्या मारायला लावल्या आणि त्या एका गाडीपुरतं लायसन्स दिलं. तोवर मी गावात 'लंगडा स्टोअरकीपर' होतो. दुसऱ्या दिवसापासून पोरं ओरडत पिकअपमागं धावायला लागली आणि त्यांच्या आया मला "ड्रायव्हरसाहेब" म्हणायला लागल्या. हसू नका. तुमचे दोन्ही पाय चालतात, तुम्हाला ते कळायचं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बायामाणसं खडी फोडायच्या कामावर जायची. आम्ही सिस्टरना आणि औषधांना घेऊन त्या कामांवर आणि डोंगरावरच्या वाड्यांवर फिरायचो. ऐन त्या धबडग्यात गाडी कुरकुरायला लागली. चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं मात्र आळसावल्यासारखी फिरायची. दवाखान्याचे चिटणीस म्हणजे एक जुने हेडमास्तर. वाईट नव्हते, पण शिस्तीचे. म्हणाले, "शनिवारी मी स्वतः बसतो. औषधं भरून वाडीचा चढ चढली तर ठेवू. नाही तर विकून जीप घेऊ."

जीपला क्लच असतो. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "बघू तर खरं. गाडी घरी आण."

त्यांच्या अंगणात त्यांनी स्वतः खणलेला एक खड्डा होता. काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, त्या खड्ड्याला "माझी सवत" म्हणत. गाडी खड्ड्यावर उभी केली. मिस्त्री वहाणा काढून खाली उतरले आणि बघून वर आले. गिअरबॉक्सच्या तळाला पत्र्याचं ताट असतं, त्याची पॅकिंग गेली होती. तेल थेंब थेंब गळत होतं आणि राहिलेलं करपून काळं पडलं होतं. ते काढून नवीन भरायचं. ह्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं, पातळ आणि कुंकवासारखं तांबडं. डॉक्टरांनी त्याचे सात डबे स्टोअरमध्ये ठेवले होते, ते मी पोरासारखे जपले होते.

"लष्करात रणगाडा खोललाय म्या," मिस्त्री म्हणाले, "पर असलं धूड कधी खोललं न्हाई. घाई करायची न्हाई."

ताटाला तेल सोडायचं बूच नव्हतं. बोल्ट सैल केले की तेल चहूबाजूंनी सांडणार. खाली धरायला एवढं मोठं भांडं कुठलं? मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकी ओट्यावर भाजी चिरत होत्या. पीठ मळायची परात कधी गेली ते त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा ती काठोकाठ काळ्या तेलानं भरलेली होती.

"उद्या ह्यातच पीठ मळते," काकी शांतपणे म्हणाल्या, "आणि पहिली भाकरी तुमाला वाढते."

"वाढ की. सांधे मोकळे हुतील," खड्ड्यातून आवाज आला.

आतली जाळी रॉकेलमध्ये धुतली. पॅकिंगचा जाड कागद ताटाच्या काठावर ठेवून मिस्त्रींनी हातोडीच्या गोल टोकानं असा अलगद ठोकला की काठाच्या आकाराचा कागद आपोआप कापून निघाला, बोल्टच्या भोकांसकट. मी बघतच राहिलो. मग जुनं तेल त्यांनी काकींच्या दुधाच्या मापानं मोजलं. पाच डबे भरेल एवढं निघालं. "जेवढं निघालं तेवढंच भरायचं," ते म्हणाले, आणि पाच डबे आत ओतले. तेल बघायची पट्टी ओढून पाहिली. भरल्याच्या खुणेपर्यंत ओली. तीस वर्षं ते पट्टी अशीच बघत आले होते, गाडी बंद ठेवून. राहिलेले दोन डबे त्यांनी हौद्यात टाकायला लावले.

शनिवारी मिस्त्री अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून हौद्यात उभे राहिले. चिटणीस पुढं माझ्या शेजारी. सपाटीवर गाडी झकास चालली. वाडीच्या चढाला लागलो आणि निम्म्यावर तेच झालं. इंजिन गरजायला लागलं, गाडी जागच्या जागी थबकली आणि मागं घसरायला लागली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. चिटणिसांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझी चूक नाही बाळ. पण पाय नीट पडत नसेल. तुला परत स्टोअरमध्ये—"

तोवर मिस्त्री खाली उतरून चाकामागं दगड लावून बॉनेटपाशी आले होते. इंजिन बंद करायला लावून त्यांनी पट्टी ओढली. खुणेपर्यंत ओली. पुन्हा पुसून ओढली. तेच. माणूस चक्रावला. पट्टी बोटांत फिरवता फिरवता त्यांचा अंगठा एका जागी थांबला. तिथं बारीक अक्षरं कोरलेली होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पत्र असो, बिल असो, सरकारी कागद असो, मिस्त्री तो माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, "तू बघ, माझे हात तेलाचे हायेत." मला ते खरंच वाटायचं. हात तेलाचे असायचेच. त्या दिवशी मात्र हात स्वच्छ होते.

त्यांनी पट्टी माझ्यापुढं धरली. "ह्याच्यावर काय लिवलंय, वाच."

मी म्हणालो, "तुम्हीच बघा ना, इंग्रजी आकडे-अक्षरं तुम्हाला—"

"मला वाचता येत न्हाई." ते चिटणिसांसमोर म्हणाले, आवाज न उतरवता. "कुठलंच न्हाई. म्हणून तुला सांगतोय. वाच."

मी वाचलं. इंजिन गरम असताना, चालू ठेवून, गिअर न्यूट्रलला टाकून तेल तपासावे. एवढंच. ती पट्टी मी शंभर वेळा पुसली असेल. मॅट्रिक पास माणूस, पण वाचली नव्हती.

"चालू कर," मिस्त्री म्हणाले. इंजिन चालू झालं की आतलं तेल वर खेचलं जातं आणि खालची पातळी उतरते. ह्या वेळी पट्टीचं फक्त टोक ओलं होतं. मग त्यांना सगळं उमगलं. गळून गळून आधीच तेल कमी झालेलं, त्यामुळं निघालं तेवढं भरून ते पुरणार कसं? त्यांनी सहावा डबा ओतला, पट्टी बघितली, मग सातवा अर्धा ओतला. उतरून जवळ उभ्या राहिलेल्या चिटणिसांकडे वळून म्हणाले, "साहेब, चूक माझी हाय. गाडीची न्हाई, ह्याच्या पायाची तर मुळीच न्हाई. आता बसा."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. चूक माझीही होती. मी गाडी चढावर घातली. तिनं तो चढ एका दमात चढला. वाडीवर पोचल्यावर चिटणीस म्हणाले, "जीपचं पुढं बघू," आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. मागं हौद्यात मिस्त्री एका हातानं पुढच्या केबिनचा टप धरून उभे होते, दुसरीकडे बघत. त्यांनी तीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट माझ्या ड्रायव्हरकीसाठी उघडी केली होती. ह्या उपकाराचं काय करायचं हे मला आजही कळलेलं नाही. मी आपला आठवण काढतो.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी काकींचा निरोप आला, मिस्त्रींच्या छातीत दुखतंय. त्यांना पिकअपमध्ये घालून मी नगरला निघालो. काकी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इस्पितळात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. मी तेव्हा वाड्यांवरच्या फेरीसाठी परत आलेलो होतो. त्यामुळं माझ्यापाशी उरलं ते त्या दुपारचंच.

इस्पितळातल्या कारकुनानं वही उघडून विचारलं, "पेशंटला कुणी आणलं?" मी म्हणालो, "मी." त्यानं माझा पाय पाहिला, काठी पाहिली आणि माझ्या खांद्यावरून मागं दाराकडे बघितलं, गाडी चालवणारा अजून आत यायचाय असं समजून. लोक नेहमीच तसं बघायचे. मला सवय होती.

स्ट्रेचरवरून मिस्त्री कोपरावर उठायला लागले. काकी त्यांना दाबून धरत होत्या.

"मागं काय बघता?" ते कारकुनाला म्हणाले. "ह्यानंच आणलं. एकट्यानं. गाडी ह्योच चालवतो."

कारकुनानं माझं नाव विचारून लिहिलं आणि त्याच्यापुढं, मला न विचारता, 'ड्रायव्हर' असं लिहिलं.