बोर्डावरून फिरलेला हात

वरच्या मजल्यावरचे मामा आपल्या नातीला हातात घेत नाहीत. रविवारपासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मध्येच तेच दिसतं. पाच महिन्यांची पोर आजोबांकडे झेपावतेय आणि मामांनी दोन्ही हात पाठीमागे धरलेत.

मामा म्हणजे माझ्या लेकीच्या शाळेतले प्रयोगशाळेचे शिपाई. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणते. बायको गेली, मग निवृत्ती आली, आणि चार वर्षांपूर्वी ते नेमके आमच्याच डोक्यावर, गच्चीखालच्या खोलीत राहायला आले. सोबत सहा गोल्डफिश. सगळ्यात जाडीचं नाव हेडबाई.

उन्हाळ्यात ती खोली भट्टी होते, पण टेबलफॅन टँकसाठी राखीव. काचेचं झाकण काढून मामा त्याचा वारा पाण्यावर तिरका सोडतात आणि स्वतः ओला पंचा खांद्यावर टाकून बसतात. पाणी उडून दोन बोटं खाली गेलं की आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी वाटीवाटीने घालतात. दिवा बंद, माशांचं खाणं निम्मं. बर्फ थेट टाकायचा नाही, एकदम गार झालं तरी मासे दगावतात. गोठवलेली बाटली तरंगत सोडायची आणि पारा एक डिग्री उतरला की काढून घ्यायची. त्यांच्या फ्रीजमध्ये बर्फ धड जमत नाही, म्हणून बाटल्या माझ्या फ्रीजरमध्ये. "तुमचे मटार बेघर केले मी," असं दर वेळी म्हणतात.

टँकच्या हवेच्या पंपाचं बटण चुकून बंद होऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली आहे. तरी दूध आणायला निघाले की अर्ध्या जिन्यातून परत फिरतात, ते चालू आहे ना बघायला.

रविवारी मी बाटली घेऊन गेले तेव्हा त्यांची मुलगी आली होती. एक तारखेपासून तिची नोकरी पुन्हा सुरू होतेय. बाबांनी येऊन राहावं, दिवसभर बाळाला बघावं, टँकही आणावा, टेम्पोचं जावई बघेल, असं सगळं तिने ठरवून आणलं होतं. मामा कारण न देता नुसतंच 'नाही' म्हणत होते. शेवटी ती चिडली.

"माशांच्या दिमतीला चोवीस तास, आणि नातीला नुसतं धरायचंही नाही. तिला कल्ले फुटायला हवे होते का, बाबा?"

येत्या रविवारपर्यंत काय ते सांगा, नाहीतर पाळणाघर बघते, म्हणून ती पोरीला घेऊन गेली.

मग मामांनी मला कारण सांगितलं. दहा वर्षांपूर्वी सुट्टी लागली तेव्हा प्रयोगशाळेतल्या टँकचा पंप आणि पंखा चालू आहे असं समजून ते चार दिवस बहिणीकडे गेले होते. परत आले तर चौदाच्या चौदा मासे मरून पाण्यावर आलेले. बटणं बंद होती. त्यांनी चूक कबूल केली, मेमो घेतला.

"तीस वर्षं शेवटचं काम तेच. बटणांच्या बोर्डावरून हात फिरवून सगळं बंद करायचं आणि कुलूप लावायचं," ते म्हणाले. "त्या दिवशी हात फिरलेला आठवतो, बटण दाबलेलं आठवत नाही. म्हणजे हा हात मला न विचारता काम करतो. त्याच्या भरवशावर पोर कशी ठेवू?"

मी बाटली टँकमध्ये सोडली, उद्या दुसरी आणते म्हणाले आणि खाली आले.

ती बटणं माझ्या लेकीने बंद केली होती. वर्गाची मॉनिटर, आणि त्या दिवशी शेवटचा तास प्रयोगशाळेत होता. जाताना सगळी बटणं बंद कर, असं बाईंनी सांगितलं आणि तिने एकही सोडलं नाही. मासे मेल्याचं कळल्यावर बारा वर्षांची पोर दोन दिवस धड जेवली नाही. मामांना सांगून येते म्हणाली. मी तिला दारातच अडवलं.

"तुला कुणी विचारलंय का? मग गप्प बस. वर्ग जन्मभर मासेमार म्हणून चिडवेल."

ती गप्प बसली ती आजतागायत. आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते, पण घरी आली की वरच्या मजल्यावर पाऊल ठेवत नाही. मीही तिला का म्हणून विचारत नाही. एका मेमोने मामांचं काय बिघडतंय, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वरून पावलं ऐकू येतात. खुर्ची सरकते, चार पावलं बटणापर्यंत जातात, थांबतात, परत येतात. पूर्वी ती कानावरून जायची. रविवारपासून मी ती मोजते.

समोर जाऊन सांगायला गेले तर मी पुन्हा बाटल्यांवरच बोलून परत येईन, एवढी मी स्वतःला ओळखते. म्हणून फोन करणार आहे, सकाळी सहाला, ते थर्मामीटर बघायला उठतात तेव्हा. बोर्ड त्यांनी हात फिरवण्याआधीच बंद झालेला होता, हे पहिल्या वाक्यात सांगायचं. मग माझं, लेकीला दारात अडवल्याचं. लेकीला त्यानंतर कळवीन, ती रागावली तरी. आधी मामांना.